बारावा खांब

किल्ल्यातला संगमरवरी चौक माद्रिदच्या सरदारानं विकला, हे कळलं तेव्हा प्राक्सेदेस पावाचं पीठ मळत होती. तिनं पिठावर अशी मूठ हाणली की गावाच्या पार टोकाला, देवळावरच्या घरट्यातले करकोचे उडाले.

"चारशे वर्षं उभा आहे तो! इटलीचे कारागीर इथं घाम गाळून मेले. या मेल्यानं कधी उंबरठा तरी ओलांडलाय का?"

गावातले पुरुष मात्र मजुरीवर कमानी उतरवून, गवतात गुंडाळून बैलगाड्यांत भरत होते.

दुपारी दलाल फुल्हेन्सिओ तिच्या दारात आला. "मावशी, खांब बारा हवेत. अकराच भरले. बारावा तुमच्या चुलीशी आहे म्हणे."

होताच. किल्ल्याचा दगड घरी आणला नाही असं घर गावात नव्हतं. तिच्या आजोबानं तर चौकात लाकडी टेकू लावून अख्खा खांबच पळवला होता. तीन पिढ्या त्याच्यावर स्वयंपाकघराचं छप्पर होतं, आणि त्याच्या कोरीव पानांना डुकराच्या खारवलेल्या तंगड्या टांगलेल्या.

"बाराच्या बारा नसतील तर गिऱ्हाईक एकही घेणार नाही," दलाल म्हणाला. हे त्यानं बोलायला नको होतं.

प्राक्सेदेसनं नवऱ्याचा घण उचलला. लहानपणी याच पानांकडे बघत ती झोपायची. तरी तिनं घण उगारला. तीन घावांत खांबाचा माथा भुगा झाला. छप्पर इतकं घाबरलं की पडायचंच विसरलं.

"घे, भर पोत्यात!"

दलाल पांढराफटक पडून गाडीत बसला, तो माद्रिदलाच उतरला. ती घणासकट किल्ल्यावर गेली. "उतरवा गाड्या!"

"मावशी, आमची मजुरी?" सरपंच ओनोफ्रे कुरकुरला.

"तुझ्या डुकरांच्या खोपट्यावर किल्ल्यातली सरदाराची दगडी ढाल आहे ना? तिकडेही येऊ का घण घेऊन?"

आठवडाभर गाव निमूट राबलं. घाईत कमानीवरचा कोरीव हर्क्युलस उलटा बसला, तर तिनं शिव्या घालून पुन्हा काढायला लावला. अकरा खांब उभे राहिले. बाराव्या जागी आजोबाचा तोच किडका टेकू.

"चुन्यानं रंगवू का? कळणार नाही कुणाला," ओनोफ्रेनं विचारलं.

"हात लावशील तर बघ!" ती कडाडली. "चोरी आमच्या घरची आहे. दिसू दे सगळ्यांना."