दोघींनी घातलेलं मीठ

"अमाक, रस्सा असतानाच उतरवायचं. आत्ताच सांगून ठेवते, मागनं डोळ्यांत पाणी आणायचं नाही!"

"आणखी तीन तास हलवलं तर तुझे हात झिजणारेत का?"

"कुणासाठी हलवू? युलसाठी? गेल्या वर्षीही येणारच होता तो. त्याच्या आदल्या वर्षीही. तिकीट नाही, बस नाही, पोट बिघडलं! दर वर्षी नवीन काहीतरी."

"या वेळी येतो म्हणालाय. ईदच्या तिसऱ्या दिवशी."

"मग तिसऱ्या दिवशी अंडं तळून घाल त्याला."

मित्रांनो, ही जी अंडं तळून घाल म्हणाली ती देस्मा, घरची थोरली लेक. जिला ती अमाक म्हणते ती तिची आई, रोसनिदार. युल म्हणजे देस्माचा धाकटा भाऊ. जकार्तात कपडे विकतो आणि तीन वर्षं घरी फिरकलेला नाही. आणि दोघी जिच्यात डोकं खुपसून भांडत होत्या ती मी. मी एक जुनी लोखंडी कढई आहे. माझ्यात बसवलं तर छोटं पोर मावेल, एवढी मोठी.

सुंगाई पुआर गावच्या लोहारानं मला ठोकून ठोकून बनवलं. रोसनिदारच्या आईनं मला डोक्यावर घालून घरी आणलं, पाऊस होता म्हणून. तेव्हापासून या घरातल्या प्रत्येक ईदचं, प्रत्येक लग्नाचं मांसाचं रेंदांग माझ्यातच झालं. लोक जेवून बोटं चाटायचे आणि म्हणायचे, काय हात आहे रोसनिदारचा! माझं नाव कुणी घेतलं नाही. असू दे. एक युलच होता. सगळं काढून झालं की माझ्या तळाला मसाल्याची काळी खरपूड राहते, त्यात तो गरम भात टाकायचा आणि मला आतून हातानं पुसून खायचा. एक कोपरा सोडायचा नाही. तेवढ्या मायेनं मला कुणीच धुतलं नाही कधी.

तो गेला आणि घरात एवढं मोठं शिजवायचं कारणच उरलं नाही. मला मागच्या पडवीत खिळ्याला टांगलं. गंज चढला. एकदा देस्मानं तारेच्या घासणीनं मला असं खरवडलं की वर्षानुवर्षांची तेलाची काळी झिलई गेली, मी कोडासारखी पांढरी दिसायला लागले. वर म्हणते, बघा कशी स्वच्छ केली! मला इतका राग आला होता, काय सांगू.

तर या वर्षी ईदला सगळं खानदान आमच्याकडे जेवायला. बेचाळीस माणसं. देस्मानं कॅलेंडरच्या मागे यादी लिहून कपाटाला चिकटवली. आज मांस, आज चटण्या, आज केळीची पानं पुसून ठेवणं. उद्या फक्त भात. "उद्या मला माणसांत बसायचंय, चुलीत नाही," म्हणाली. चूक नव्हती तिची. दर ईदला तिनं नुसते पाहुण्यांचे पाय बघितलेत, चुलीपुढं बसून.

पण आदल्या दिवशी करून ठेवायचं म्हणजे किती करून ठेवायचं? नारळाच्या दुधात मांस शिजलं आणि रस्सा तपकिरी झाला की ते कालियो. उद्याच्या जेवणाला फक्कड, पण दोन दिवसांत आंबतं. तेच आणखी तीन तास हलवत बसलं की काळं, कोरडं रेंदांग होतं, ते महिनाभर टिकतं. म्हणजे बघा, कालियो येणाऱ्यांसाठी असतं आणि रेंदांग न आलेल्यांसाठी. रोसनिदारला दुसरं हवं होतं. देस्माला पहिलं.

भांडण झालं आणि दोघींनी बोलणं टाकलं. एक हलवायची, एक जळणाला नारळाची सोडणं आणायला जायची. यादीत लिहिलं होतं म्हणून देस्मानं सकाळीच मीठ घातलं. ती बाहेर गेल्यावर रोसनिदारनं घातलं, अंदाजानं, मूठ भरून. मी खालून बघतेय! ओरडायला तोंड असतं ना, तर दोघींची नावं घेऊन ओरडले असते. रोजा होता, त्यामुळे चाखणार कोण? जिभेला टेकवून थुंकलं तर चालतं म्हणतात, पण रोसनिदारला तेही पटत नाही.

दुपारी देस्माची मुलगी राहमी आली. सहा वर्षांची, तिला रोजा नाही. पानावर घासभर दिलं.

राहमीनं तोंड वाकडं केलं. "आई, याच्यात मांस पण आहे का?"

"म्हणजे?"

"मला नुसतं मीठच लागलं."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"तू घातलंस?"

"तू पण? मग बोलली का नाहीस!"

"तू कुठं बोलत होतीस!"

"याऽऽऽ अल्ला," रोसनिदार मटकन खाली बसली.

मग काय, पळापळ. शेजारून बारा नारळ आले, देस्माच्या मामांकडून तीन किलो मांस, टोपलीभर छोटे बटाटे. सगळं माझ्यात. काठापर्यंत आले मी, एक थेंब जागा नाही. मीठ ताळ्यावर आलं, पण दूध आटायचं नाव घेईना. रोसनिदारनं हलवलं, हलवलं, तिचं मनगट टम्म सुजलं. रोजा सोडायचा ढोल वाजला तरी रस्सा डुचमळतच होता.

तिनंच उलथणं खाली ठेवलं. "राहू दे. असंच उतरव."

देस्मा जिंकली होती. निखारे ओढले बाजूला आणि बराच वेळ आईच्या मनगटाला तेल लावत बसली.

दुसऱ्या दिवशी बेचाळीस माणसं चटयांवर बसली. कालियो भुर्रकन संपलं. "रोसनिदारचा हात तो हातच!" पुन्हा तेच. रोसनिदार हसत होती आणि घरात यायच्या जिन्याकडे बघत होती. कुणी चपला काढल्या की मान वर.

दुपारी सगळे आडवे झाले. मला वाटलं, आता पुन्हा पडवी, पुन्हा खिळा. तेवढ्यात देस्मा आली. ईदचा नवा झगा, बाह्या वर. कपाटातनं कालियोचा एक मोठा वाडगा काढला. झाकून ठेवला होता, वाढायच्या आधीच बाजूला काढलेला. माझ्यात ओतला आणि सोडणं पेटवली.

बाहेरनं मावशी ओरडली, "देस्मा, सगळ्यांचा फोटो काढतोय, ये!"

"काढा! माझा धूर येईल त्यात!"

तीन तास ती एकटी हलवत होती. रस्सा आटला, तेल सुटलं, रंग काळा होत गेला. हळदीच्या पानाचा वास पार अंगणात गेला असणार, कारण रोसनिदार उठून दारात आली.

"तुझ्या यादीत हे नव्हतं," ती म्हणाली.

"बस तिथं. आणि मिठाला हात लावू नकोस."

आज तिसरा दिवस. रेंदांग डब्यात भरून ठेवलंय. सकाळी युलचा फोन आला, बस वाटेत मुआरा बुंगोला थांबलीय म्हणाला, आणि मागे ड्रायव्हरची आरडाओरड ऐकू आली. या वेळी थाप नाही.

मित्रांनो, घरातलं मोठं भांडं टांगून ठेवू नका. तेल लावा, तारेनं खरवडू नका, वर्षातून एकदा तरी काठापर्यंत भरा. आणि भांडा खुशाल, पण बोलणं टाकू नका. वाट बघणं लोखंडालाही जड जातं. तीन वर्षं मीही त्याची...

थांबा. खालच्या आळीतली माणसं आलीत, त्यांच्याकडे उद्या लग्न आहे. रोसनिदारनं मला द्यायचं कबूल केलं होतं म्हणे. आजच? अहो, संध्याकाळी युल येईपर्यंत तरी थांबा! दोघांनी माझे कान धरलेसुद्धा. जाते मी, जायलाच हवं.