संकीर्णाचं कपाट

पुस्तकांची सूची करणाऱ्या तालिकाकारांना वाचनालयात सगळे 'बघूयाकाका' म्हणत. हयातभर त्यांनी पुस्तकांचे विषय ठरवले, पण ठरवताना जीव टांगणीला लागायचा. मधमाश्यांचं पुस्तक शेतीत घालावं की प्राण्यांत? चुकलं तर? मग ते हळूच कुठेच न बसणाऱ्या पुस्तकांच्या, संकीर्णाच्या कपाटात जायचं. तिथे कुणी भांडायला येत नसे.

अशात यंत्र आलं. पुस्तक समोर धरलं की विषय सांगणारं. काकांना हायसं वाटलं. बायको लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेली होती. यंत्र मार्गी लागलं की काकांनाही रजा, असं ग्रंथपालबाईंनी कबूल केलं होतं.

पहिल्याच दिवशी यंत्राने पुलांच्या बांधणीचं पुस्तक संकीर्णात टाकलं. मग शिवणकामाचं. मग बालगीतांचं.

"बिघडलंय," काका म्हणाले.

"छे! तुमच्या जुन्या नोंदींवरूनच शिकलंय ते," यंत्र बसवणारी हसली. "जरा शंका आली की संकीर्ण. अगदी तुमच्यावर गेलंय, काका!"

बाईंना हसू आलं नाही. "हा घोळ निस्तरेपर्यंत रजा विसरा."

काका जुन्या नोंदी दुरुस्त करायला पडद्यासमोर बसले. मधमाश्या, शेती. डोळे मिटून कळ दाबली. लगेच पडद्यावर उमटलं, 'या निर्णयाशी जुळणाऱ्या जुन्या नोंदी तपासा.' खाली रांगच लागली. रेशमाचे किडे, लाख, गांडुळं. एक सोडवावं तर दहा गळ्यात. गांडुळं प्राण्यांत नकोत? हात थबकला.

तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, नात झाली!" बायको ओरडलीच. "कधी निघताय?"

"कुणासारखी दिसते?"

"येऊन बघा की! का तिथे पुस्तकं आडवी आलीत?"

"एवढं उरकलं की..."

"हे लग्नापासून ऐकतेय. लेक विचारतेय, बाबा उद्या येणार का? हो की नाही, तेवढंच बोला."

"हो," काका म्हणाले. इतक्या झटकन ते जन्मात बोलले नव्हते.

त्याच झटक्यात त्यांनी गांडुळांनाही शेतीत ढकललं. रांग आणखी लांबली.

मागे उभ्या ग्रंथपालबाई खूश झाल्या. "वा! आता कसं ठाम जमतंय! यंत्रही असंच शिकेल. तुम्हाला इथून हलवायचंच नाही बघा."

"बाई, उद्या मला..." काका वळेपर्यंत त्या जिना उतरूनही गेल्या होत्या.

त्यांच्यामागे धावायला म्हणून काकांनी टेबलाला हात टेकला. पडद्यावर पुढचं पुस्तक आलं होतं. उठता उठता त्यांची नजर त्यावर गेली. लाख, शेतीत की उद्योगांत? 'बघूया,' म्हणत ते पुन्हा खाली बसले.