स्वच्छ कागद

सुरक्षिततेच्या बाबतीत माणसाने भावनेवर नव्हे, कागदावर विश्वास ठेवावा, असं लिफ्ट-तपासनीस घरीदारी सांगत आले होते. आत्ता ते रोलर कोस्टरच्या रांगेतला लोखंडी कठडा दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि मागचा माणूस त्यांना तिसऱ्यांदा पुढे सरकायला सांगत होता.

तपासणीचा कागद समोरच होता. फाटकाशेजारी, काचेच्या चौकटीत. तारीख याच आठवड्यातली, सतरा मुद्दे, सतरा खुणा, खाली सही. या सुट्टीसाठी मुलीने वर्षभर टुमणं लावलं होतं, आठ तास बसमध्ये अंग आंबवून तिघं इथवर आले होते, आणि मुलीला त्या चौकटीशेजारी उभं करून बायकोने फोटोही काढला होता.

तपासनिसांची नजर खुणांवरून हलेना. सगळ्या एका शाईच्या, एकाच बाजूला कललेल्या. वर चढून तपासणाऱ्याचा कागद मळतो. कुठे वंगणाचा अंगठा उमटतो, वाऱ्याने कोपरा दुमडतो, मध्येच पेन रुसतं म्हणून शेजारी गिरगटावं लागतं. हा कागद इस्त्री केल्यासारखा होता. कुणीतरी तो खुर्चीत बसून, चहा निवायच्या आत भरला होता. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. तपासनिसांना उंचीची भीती होती, आणि गेली चौदा वर्षं ते लिफ्टचे कागद रखवालदाराच्या खुर्चीत बसून भरत होते.

त्यांनी आधी ढगांचं निमित्त काढलं. आभाळ निरभ्र होतं. मग मुलीच्या पोटाचं काढलं. मुलगी म्हणाली, पोट तिचं आहे आणि ते ठीक आहे. बायकोने नवऱ्याच्या घाबरटपणाचे दोन जुने किस्से रांगेतल्या एका अनोळखी बाईला ऐकवले. बाई मनापासून हसली.

"तू नको जाऊस," तपासनीस शेवटी मुलीला म्हणाले.

"कारण सांग."

कारण जिभेवर होतं. त्यांनी आवंढा गिळला, त्याबरोबर तेही गेलं.

"कागद बघायचा, असं तूच म्हणतोस ना, बाबा? मी बघितला."

चपला आईच्या हातात देऊन ती पहिल्या डब्यात जाऊन बसली. छातीवरचा दांडा खाली आला. वर रुळांपर्यंत शेवटचं कोण चढलं होतं, असं तपासनिसांनी फाटकावरच्या माणसाला हळूच विचारलं. त्याने काचेच्या चौकटीकडे हात केला. इमारतीतल्या लोकांनी काही विचारलं, की तपासनीस स्वतः असाच हात करत, इतक्याच अदबीने.

गाडी चढू लागली. खटक, खटक, खटक.

"अहो, पांढरे कशाला पडलात? वर ती आहे, तुम्ही नाही."

"तो कागद खाली बसून भरलाय."

"कशावरून?"

"मी तसाच भरतो."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती वर बघत होती.

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "आपल्या इमारतीची लिफ्ट तुम्हीच तपासता. म्हणून तर मी पाच मजले जिन्याने चढते." तिने मुलीच्या चपला छातीशी धरल्या. "पण मला वाटायचं, तुम्ही एकटेच तसे."

माथ्यावर पहिला डबा क्षणभर अडल्यासारखा झाला. मग गाडी कोसळली. इतक्या किंकाळ्यांमधली आपली कोणती, हे दोघांनाही ओळखता येईना. वळणावर लोखंड करकरलं, तशी बायकोची नखं तपासनिसांच्या मनगटात रुतली. त्यांना ती जाणवली नाहीत.

गाडी फलाटाला लागली. मुलगी धापा टाकत, केस विस्कटलेले, दोघांसमोर येऊन उभी राहिली. बायकोने नवऱ्याला कोपराने ढोसलं. सांगा तिला.

तपासनिसांनी घसा खाकरला.

"मजा आली?" त्यांनी विचारलं.

मुलीने मान डोलावली, चपला न घेताच वळली आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. एका तिकिटात दोन फेऱ्या होत्या.