करंगळीची खूण

मुलांनो, माझ्याबरोबर जरा कल्पना करा. डोळे मात्र मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं? बाहेर चेन्नईचं ऊन भाजून काढतंय आणि तुम्ही एका बंदिस्त स्टेडियममध्ये बसला आहात. आत एसीचा गारवा, वर पांढरे दिवे, खाली निळं टेनिस कोर्ट. छतामुळे इथे सगळं घुमतं. बूट घसरला तरी चर्र ऐकू येतं. बसलात? आता शेजारच्या खुर्चीकडे बघा. तिथे गाल फुगवून स्वरदा बसली आहे.

खाली तिचा उपेनदादा खेळतोय. पुरुष दुहेरीचा सामना आहे. हा जिंकला तर दादाची जोडी उपांत्य फेरीत जाणार आणि त्याला आणखी एक वर्ष टेनिस खेळता येणार. हरला तर रॅकेट कपाटात आणि दादा बाबांबरोबर इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात. घरात तसं ठरलंच होतं. स्वरदाची आई इतकी धास्तावली होती, की कोर्टाकडे बघतच नव्हती. मांडीवरच्या पिशवीकडे बघत, टाळ्यांच्या आवाजावरून गुण मोजत होती.

मग स्वरदाचे गाल का फुगले होते? नवीनमुळे.

नवीन म्हणजे दादाचा नवा जोडीदार. तंजावरी मराठी घरातला, टी. नगरला राहणारा. अंबत्तूरला स्वरदाच्या घरी यायचा, तेव्हा तिला तंगच्ची म्हणायचा. तंगच्ची म्हणजे तमिळमध्ये धाकटी बहीण. "काय गे तंगच्ची, मला नाही का ठेवलीस?" असं म्हणत बटाट्याच्या भाजीची खरवड कढईतून उचलायचा. ती खरवड आजवर दादा आणि स्वरदा वाटून घ्यायचे. आता तिघांत वाटायची म्हणजे चिमूटभरच वाट्याला यायची.

तेही तिनं सोसलं असतं. पण खुणा?

दुहेरीत एक जण मागून सर्व्हिस करतो आणि त्याचा जोडीदार पुढे नेटजवळ उभा राहतो. सर्व्हिसच्या आधी हा पुढचा खेळाडू हात पाठीमागे नेऊन बोटांनी खूण करतो. समोरच्यांना ती दिसत नाही, मागच्याला दिसते. करंगळी म्हणजे मी पलीकडे झेपावणार, अंगठा म्हणजे जागेवरच थांबणार. या खुणा दादानं आणि स्वरदानं मिळून ठरवल्या होत्या, गच्चीवर, दोरीचं नेट बांधून. पुढे उभी राहायची ती स्वरदा. आणि आज, एवढ्या लोकांसमोर, तिची करंगळी नवीन दाखवत होता.

पहिला सेट दादाच्या जोडीनं जिंकला. स्वरदानं टाळ्या वाजवल्या, पण दोन बोटांनी.

तिच्या दुसऱ्या बाजूला अनन्या होती, तिच्याच टेनिस क्लासमधली मैत्रीण. अनन्याचे वडील सुंदर सर समोरच्या जोडीचे प्रशिक्षक होते आणि नेमके या दोघींच्या पुढच्या रांगेत बसले होते. दोघी मुली तमिळमध्येच बोलायच्या.

"नवीन काय हुशार आहे गं," अनन्या म्हणाली. "पाठीमागे काहीतरी खुणा करतो. त्यानंच शोधल्या असतील."

"त्यानं नाही, मी शोधल्यात," स्वरदा म्हणाली.

"जा गं. काहीही सांगतेस."

"करंगळी दाखवली की तो पलीकडे जाणार. अंगठा दाखवला की थांबणार. बघ आता. करंगळी आहे ना?"

नवीन पलीकडे झेपावला. अनन्याचा आ वासला. स्वरदाला फार बरं वाटलं. पुढच्या रांगेत सुंदर सरांची मान किंचित वळली होती, ते तिच्या लक्षातच आलं नाही.

लक्षात आलं ते दुसरा सेट रंगल्यावर. दादा पुन्हा या टोकाकडून सर्व्हिस करायला आला. नवीननं करंगळी दाखवली. सुंदर सरांनी टोपीला हात लावला. नवीन झेपावला आणि चेंडू त्यानं नुकत्याच सोडलेल्या जागेतून सूं करून गेला. पुन्हा करंगळी, पुन्हा टोपी, पुन्हा तेच. प्रशिक्षकानं हातानं इशारे करणं नियमात बसत होतं. नियमात न बसणारं काही झालं असेल, तर ते स्वरदाच्या हातून. गुपित तिनंच फोडलं होतं.

आणि खरं सांगू? तिला थोडा आनंदही झाला होता. हरू दे. दादा संध्याकाळी घरी येईल, गच्चीवर येईल, नवीन टी. नगरला राहील. सगळं पूर्वीसारखं होईल.

दुसरा सेट गेला. आता दहा गुणांचा टायब्रेक, त्यावरच निकाल. दोघं बाकावर येऊन बसले. बाक स्वरदाच्या कठड्याखालीच होता, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"माझं चुकतंय रे उपेन," नवीन म्हणत होता. "मी आधी हलतो असेन. त्यांना कळतंय. तुझं वर्ष माझ्यापायी जाईल."

"तुझं काही चुकत नाहीये," दादा म्हणाला. पण त्यानं टॉवेल तोंडावर ओढून घेतला आणि काढलाच नाही.

"टाळ्या का थांबल्या गं?" आईनं पिशवीकडे बघतच विचारलं.

स्वरदा उठली. अनन्याचे गुडघे ओलांडून कठड्याशी गेली आणि खाली वाकली.

"नवीनदादा, तुमचं नाही चुकत. मी अनन्याला खुणा सांगितल्या. सरांनी ऐकल्या."

दादानं टॉवेल खाली घेतला. त्यानं त्याची घडी घालून ती बाकावर ठेवली. ओरडला असता तर बरं, असं तिला वाटलं.

"सगळ्या सांगितल्यास, तंगच्ची?" नवीननं विचारलं.

"सगळ्या."

"सरी, ठीक आहे. मग खुणाच नको. उलट केल्या तरी दोन गुणांत ओळखतील."

पंचांनी वेळ संपल्याचं सांगितलं. दोघं उठले. स्वरदानं मागे बघितलं. सुंदर सर टोपी नीट करत होते. मग ती आणखी वाकली, इतकी की तिचे पाय जमिनीवरून सुटले, आणि दादाच्या नव्हे, नवीनच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजली,

"बोटं दाखवत राहा, पण खोटी. खरी खूण पायाची ठेवा. डावी टाच उचलली, तरच झेप."