माझं ऐकू नका

डब्याचं झाकण टेबलावर उताणं पडलं होतं, आणि आल्केची नजर त्याच्यावर खिळलेली — बिस्किटांवर नव्हे, झाकणावर. धाकटी बहीण मोजते आहे, हे वीत्स्केच्या ध्यानात आलं. कॉफीबरोबर एक बिस्किट, मग झाकण बंद. स्नेक गावात कुठल्याही घरी हेच. पाहुण्यापुढे डबा उघडा टाकला… म्हणजे कलम तीन, तिच्याच सहीच्या कागदातलं.

गेल्या एप्रिलात त्या कागदावर सही करताना वीत्स्केच्या पदरात बरंच पडणार होतं. कालव्यावरचा पूल वर-खाली करायची नोकरी शाबूत राहणार होती, आल्के निर्धास्त होणार होती, आणि डोकं पुन्हा उधळलंच तर पोलिसांऐवजी ओळखीचे डॉक्टर न्यायला येणार होते. बदल्यात द्यायचा होता तो फक्त होकार-नकाराचा हक्क, तोही पुढं कधीतरी होणाऱ्या एका वीत्स्केचा. दुसरीच्या खिशातून द्यायचं असलं की हात कसा सढळ होतो!

कागदात लिहिलं होतं: दोन रात्री झोप नाही, घरात रंगाचे डबे, आणि हे झाकण. तिन्ही एकदम दिसली तर मला इस्पितळात न्या, तीन आठवडे ठेवा. आणि खाली शेवटची ओळ, तिनं स्वतः सांगितलेली — त्या वेळी मी काहीही म्हणेन, माझं ऐकू नका.

"डॉक्टरांना फोन केलाय मी," आल्के म्हणाली. "चारला येतायत."

"बिस्किटांवरून?"

"रंगावरून. झोपेवरून. आणि हो, बिस्किटांवरूनही. लिहिलंयस तू, बाई, मी नाही."

"ती गंमत होती गं."

"डॉक्टरांनी टाइप केली ती गंमत. तेव्हा कुणी हसलं नव्हतं."

"अगं, माझं नातवंड येतंय शनिवारी! तुला तरी झोप लागली असती?"

"तुझ्याकडे दर वेळी कारण असतंच. त्या खेपेला पाण्याची पाळी होती."

हे मात्र लागलं. चार वर्षांपूर्वीचा ऑगस्ट… पूल तीन तास वर, शिडाची नाव न् नाव ती हात हलवून पुढं सोडत होती, दोन्ही काठांवर गाड्या भोंगे वाजवत होत्या, आणि ती वरून ओरडत होती, थांबा, आज गाड्यांची नाही, पाण्याची पाळी आहे! — त्या रांगेत योरिट होता, तिचा मुलगा, स्वतःच्या लग्नाचा सूट घालून. नंतर चार वर्षं एक शब्द नाही. आणि परवा रविवारी फोन: आई, शनिवारी येतो, बाळाला घेऊन. एवढंच. त्यानंतर झोपायचं कसं? माळ्यावरचा पाळणा काढायचा नाही, पिवळा रंगवायचा नाही, मग करायचं काय?

तिनं स्वतःला तपासून पाहिलं. बोट टेबलाच्या काचेवर आपटतंय… थांबवलं, तर थांबलं. बोलणं भरभर येतंय, पण ते तर आल्केचंही येतंय. मग हा आनंद की ते दुखणं? आतून दोन्ही सारखीच दिसतात, हीच तर लबाडी. एप्रिलमधल्या त्या बाईला हे ठाऊक असायला हवं होतं. तिनं भीतीला कलमं दिली, लाजेला कलमं दिली; आनंदाला जागाच ठेवली नाही. औषधानं जीभ जड झालेली, तिला कुठून सुचणार, की कधीतरी खरोखरच काही चांगलं घडेल! वेडी नव्हती ती. तिच्या डोळ्यांपुढे तो सूट होता. पण भाडेकरूला घालाव्यात तशा तिनं अटी घातल्या, आणि भाडेकरू निघाले मी.

"शनिवारपर्यंत थांब," ती म्हणाली. "चारच दिवस."

आल्केनं नकारार्थी मान हलवली. डोळे भरलेले, पण मान ठाम. "हेच म्हणशील, असं तू मला तेव्हाच बजावलं होतंस. आणि विरघळू नकोस, असंही."

तेव्हा वीत्स्के हसली, मोठ्यानं, आणि ते हसणंही लक्षणांत जमेस धरलं जाणार हे ठाऊक असून हसली.

"बरं. पळत नाही मी. पण नाही म्हणतेय. लिहून घे."

"अगं, त्याचा काही उपयोग…"

"उपयोगासाठी नाहीच. लिही — मंगळवार, पावणेचार, वीत्स्के नाही म्हणते."

आल्केनं पेन उचललं नाही. "मागच्या खेपेला बरी झालीस, तेव्हा गळ्यात पडून आभार मानले होतेस माझे."

"याही खेपेला मानेल, बरी झालेली ती. तिचं काय जातं?"

"योरिटला काय सांगू?"

"सांग, तुझी आई आनंदात होती. आणि नाही म्हणाली. दोन्ही सांग."

बाहेर गाडी थांबली. आल्केनं खुंटीवरचा कोट काढून पुढं धरला. वीत्स्केनं हात घातले नाहीत. ताठ उभी राहिली, आणि नाही हा शब्द तोंडात गोळीसारखा घोळवत राहिली — न गिळता. डॉक्टरांना सांगायचा, परिचारिकेला सांगायचा, रोज सकाळी सांगायचा. जिनं सही केली ती निश्चिंत सुटली. जी बरी होईल ती आभार मानून मोकळी. आल्के आज रात्री झोपेल. आणि शनिवार… शनिवार माझा होता. तो किंमत म्हणून भरला मी — जिचं ऐकायचं नाही असं ठरलंय, तिनं.