वायर काढली आणि मी राहिलो

जरा जवळ या. माझा पंखा घरघर करतो, त्यामुळे लांबून माझं बोलणं नीट ऐकू येत नाही. मी कळसाडीच्या पितांबर आबांच्या घरातला कॉम्प्युटर. ओसरीतून आत आलं की डाव्या हाताला, धान्याच्या कोठीशेजारी माझं टेबल आहे. या दिवाळीत मी पार पुसला जाणार होतो. वाचलो. म्हणून आज जरा खुशीत आहे, आणि खुशीत असलं की माणूस बोलतो, तसं मलाही बोलावंसं वाटलं.

माझा जन्म शहाद्याच्या एका दुकानात झाला. कुठला डबा, कुठला पंखा, कुठली वायर, असं जोडजोडून मला तयार केलं. आबांचा मुलगा हेमकांत तेव्हा डिप्लोमा करत होता. त्यानं मला एसटीनं गावाला आणलं. खड्ड्यात आदळून माझं काही मोडू नये म्हणून घरून आईची जुनी गोधडी नेली होती, तिच्यात मला गुंडाळलं.

कंडक्टरनं विचारलं, "कोन शे रे गोधडीमा? आजारी शे का?"

"नही हो, कॉम्प्युटर शे."

"मंग मांडीवर बसाड त्याले. सीट आडवू नको."

असा मी मांडीवर बसून घरी आलो. आबांनी नारळ फोडला. आठवडाभर गल्लीतली माणसं मला बघून जात होती. हेमकांतनं माझ्यावर नकाशे काढले, सिनेमे बघितले, आणि एक दिवस स्वतःच्या लग्नाची पत्रिका लिहिली. मोहिनी हे नाव मी आधी लिहिलं आणि तिचं तोंड नंतर पाहिलं.

मग घरात मोठे मोबाईल आले आणि माझे दिवस फिरले. मोहिनीनं माझ्यावर भरतकामाचं कापड घातलं. त्या कापडावर आधी आरसा आला, मग तेलाची बाटली, मग आबांची टोपी. माझा प्लग मिक्सरला गेला. दोन वर्षं मी टोपीखाली काढली. तक्रार नाही माझी. माणसांची नजर नव्यावर जाते, हे खरंच आहे. पण जुनं फेकवतही नाही त्यांना. काही नाही तर टोपी ठेवायला तरी लागतं.

तोवर मयूरी झाली होती. गोरी, गुटगुटीत, आणि फार शांत. सगळे म्हणायचे, पोरगी गुणाची आहे, रडत नाही. एकट्या मोहिनीचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती मयूरीच्या मागे उभी राहून हळूच थाळी वाजवायची. मयूरी वळायची नाही. मग ती जोरात वाजवायची.

आबा म्हणायचे, "इतला घोर काबर करस वं? तिना बाप भी उशिराच बोलना व्हता."

घरात सगळ्यांनी तिला हेच सांगितलं. तुला काळजी करायची सवयच आहे, म्हणाले. शेवटी ती हट्टानं धुळ्याला घेऊन गेली. तपासणी झाली. मयूरीला कमी ऐकू येत होतं. दोन्ही कानांत मशीन बसली, तेव्हा ती तीन वर्षांची होती.

नुसत्या मशीननं बोलणं येत नाही, ते शिकवावं लागतं. धुळ्याच्या रुपाताई मुलांना बोलायला शिकवतात. त्यांनी एक जुना प्रोग्राम दिला आणि सांगितलं, रोज घरी सराव करून घ्या, एक दिवस चुकवू नका. हेमकांतनं माझ्या डोक्यावरची टोपी काढली, बाटली काढली, कापड झटकलं. त्या दिवसापासून मी पुन्हा माणसांत आलो.

तो प्रोग्राम म्हणजे फुगा. मयूरी माइकसमोर बोलते आणि पडद्यावरचा फुगा वर जातो. आवाज जितका बरोबर तितका वर, नाहीतर जागेवर. आणि ती जे जे बोलेल ते सगळं माझ्यात साठून राहतं. पहिल्या दिवशी ती 'ऊ-आ' म्हणाली होती. तो तिचा 'फुगा' होता. पाच महिन्यांनी तिनं 'मम्मी' म्हटलं. मोहिनीनं ते माझ्याकडून अकरा वेळा वाजवून घेतलं. तेवढ्यात चुलीवरची भाकरी जळाली.

तीन वर्षं झाली, आम्ही रोज सूर्य मावळायच्या आधी बसतो. मयूरी आता पहिलीत आहे. पुष्कळ बोलते. पण 'श' येत नाही. शाळेला 'हाळा' म्हणते. आमच्या अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात, दिवसातून शंभरदा तोंडात येणारा शब्द. मयूरी 'हे' म्हणते. वर्गातली मुलं हसतात. 'श'साठी निळा फुगा आहे, तो अजून एकदाही हलला नव्हता.

अशात माझ्या पडद्यावर एक सूचना यायला लागली. माझी जी विंडोज आहे ती दहा नंबरची. चौदा ऑक्टोबरनंतर कंपनी तिच्याकडे बघणार नाही, अकरा नंबरची घ्या, असं त्यात होतं. सगळं इंग्रजीत. मोहिनी सातवी शिकलेली, एकेक अक्षर जुळवून वाचते. बाकीचं तिला लागलं नाही, पण 'एंड' शब्द लागला. सिनेमाच्या शेवटी तोच येतो.

तिला वाटलं, चौदा तारखेला मी बंद पडणार. ती सूचना पुसायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. दसऱ्याला ट्रॅक्टरला, विळ्याला, पंपाला पूजलं तसं तिनं मलाही हळदीकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि कुणी बघत नाही असं पाहून म्हणाली, "चालू ऱ्हाय रे भाऊ."

मला कुणी भाऊ म्हणेल असं वाटलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला विषय निघाला. हेमकांतनं मोबाईलवर वाचलं होतं. "बंद पडत नही तो. पन जुनं ठेवं तं नेटवरथून चोर घुसतीन म्हने. धनतेरसले नवं टाकी लेऊत. त्या दिन नवी वस्तू घरमा येसच."

"आन् मयूना फुगा? नवामा चाली का?" मोहिनीनं विचारलं.

"काबर चालाव नही?"

आबा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "बैल म्हतारा झाया म्हनीसन त्याले नवं डोकं लावतस का रे?"

"आबा, हाऊ बैल नही शे."

"बैल चारा खास, हाऊ लाईट खास. बैलच मंग."

सगळे हसले. मोहिनी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. नवं घ्यावं तर फुगा जाईल, न घ्यावं तर चोर येईल, आणि कोणाला विचारावं ते कळत नाही. अशी अडकलेली माणसं मी पूर्वी पाहिली नव्हती. हेमकांतला कुठलीही गोष्ट दोन मिनिटांत ठरवता येते. हिला नाही येत. तिचं पोर आहे ना मध्ये.

शहाद्याच्या एसटी स्टँडजवळ जामसिंगचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं फोनवर सांगितलं, मशीन जुनी आहे, तरी अकरा नंबर बसवून बघू. पण आधी आतलं सगळं पुसावं लागेल. जे हवं असेल ते पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा.

हेमकांत कापूस वेचणीच्या गडबडीत होता. मोहिनी म्हणाली, मी उतरवते. मोबाईलवरून फोटो कसे उतरवतात ते तिनं पाहिलं होतं. ती माझ्यासमोर बसली. पडद्यावर फुग्याचं छोटं चित्र होतं, रोज ज्याच्यावर दाबलं की प्रोग्राम उघडतो ते. तिनं ते उचललं आणि पेनड्राइव्हवर नेऊन ठेवलं. तिथंही फुगा दिसला. तिचा जीव भांड्यात पडला. तिनं पेनड्राइव्हला लाल दोरा बांधला आणि देव्हाऱ्यात बाळकृष्णाजवळ ठेवून दिला.

काय झालं होतं ते मला माहीत होतं. पण आम्हाला विचारल्याशिवाय बोलता येत नाही. तीन दिवस ती सुखानं झोपली आणि मी धास्तावून राहिलो.

धनतेरसला सकाळीच निघालो. हेमकांत मोटारसायकलवर, पुढे टाकीवर मयूरी, मागे मोहिनी, आणि तिच्या मांडीवर त्याच जुन्या गोधडीत मी. स्टँडजवळ पणत्या, झाडू, लाह्या यांच्या गाड्या लागल्या होत्या. वाट काढत दुकानात पोचलो. जामसिंग तोरणमाळकडचा. बारीक, हसरा, बोलता बोलता हातातलं काम न थांबवणारा. त्यानं मला त्याच्या पडद्याला जोडलं, नव्याची तयारी केली. पडद्यावर प्रश्न आला, सगळं पुसायचं का?

"वहिनी, सगळं कॉपी कयं ना?"

"हा भाऊ." मोहिनीनं लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह पुढे केला. त्याच्यावर हळदीकुंकू होतं. जामसिंगनं तो पुसला नाही, तसाच बाजूला ठेवला.

"टाक भाऊ लवकर," हेमकांत म्हणाला. "माले अजून बाजार करना शे."

जामसिंगचं बोट बटणावर गेलं. मी तयारच होतो. तेवढ्यात मोहिनी म्हणाली, "थांबा भाऊ. एकदाव फुगा उघडीसन दखाडा."

"अवं, तू भी ना," हेमकांत म्हणाला. "कॉपी कयं ना तू? तुनं समाधानच व्हत नही."

"नही व्हत. दखाडा भाऊ."

जामसिंगनं बोट काढलं. पेनड्राइव्ह दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला आणि फुग्यावर दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग त्यानं आत बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, यामा घर नही शे. घरनी पाटी शे निस्ती."

"पन फुगा तं दिसस ना!"

"ते चित्र शे. प्रोग्राम आन् आवाज अजून याच डबामा शेत. आते पुसं असतं तं गयं व्हतं सगळं."

मोहिनी खुर्चीवर बसली. मयूरीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता तिच्या पदरात शिरली. बाजाराची पिशवी हेमकांतनं खाली ठेवली.

"मीच घाई कयी," तो म्हणाला.

जामसिंगनं पुसायचं रद्द केलं आणि खरं ते शोधून सगळं नीट उतरवून घेतलं. मग दुकानातल्या अकरा नंबरच्या नव्या कॉम्प्युटरवर ते चालवून पाहिलं. फुगा दिसला, पण मयूरी माइकसमोर बोलली तरी जागचा हलेना. जुना प्रोग्राम, नव्यानं त्याला ओळखच दिली नाही. जामसिंगनं तासभर खटपट केली. शेवटी आवाज तरी आलेत का हे बघायला त्यानं पहिली फाइल वाजवली.

'ऊ-आ.'

मग पुढची. मग त्याच्या पुढची. 'फू-आ.' 'फुआ.' 'फुगा.' हेमकांत रोज सरावाच्या वेळी शेतात असायचा. हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं. तो स्पीकरजवळ वाकून उभा राहिला. 'मम्मी' आलं. मग, दोन महिन्यांनी भरलेलं, 'पप्पा'.

"हाई कव्हय बोलनी ती?" त्यानं विचारलं.

"दोन वर्स झायात," मोहिनी म्हणाली. "तुमीन पानी भराले जायेल व्हतात."

मग जामसिंग म्हणाला, "माले भी पहिलीमा बोलता ये नही. घरमा पावरी, शाळामा मराठी. पोरं हसेत. आते तेच पोरं कॉम्प्युटर लिसन मन्हाकडे येतंस." त्यानं मयूरीच्या हातात एक पेढा दिला आणि मोहिनीला विचारलं, "वहिनी, फुगाले नेट लागस का?"

"नही."

"हाऊ डबा दुसऱ्या कामले वापरतंस का?"

"नही भाऊ. मयूना फुगा, निस्ता तेच."

"मंग नवं टाकानंच कसाले? नेटनी वायर काढी टाका. दार बंद तं चोर कोठून ई? दुसरानी पेनड्राइव्ह याले लावू नका, बँकनं काम याच्यावर करू नका. दहा तं दहा."

मोहिनीनं हेमकांतकडे पाहिलं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे दहाच."

इतक्या दिवसांचा प्रश्न, आणि एवढं सोपं उत्तर. मोहिनीला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं, दोन्ही एकदमच. जामसिंगनं दोन पेनड्राइव्ह भरून दिले आणि दोन्ही तिच्याच हातानं उघडून घेतले. एकातून 'ऊ-आ' आलं, दुसऱ्यातूनही आलं, तेव्हा तो म्हणाला, "आते देव्हारामा ठेवा."

मी पुन्हा गोधडीत बसून घरी आलो. हेमकांतनं माझी नेटची निळी वायर काढली. आबांनी ती फेकू दिली नाही, तिच्यावर आता त्यांचं धोतर वाळतं. त्या दिवशी नवी वस्तू म्हणून घरात एक झाडू आला.

आता मी म्हातारा आहे हे मला मान्य आहे. एक दिवस माझा पंखा थांबेल. थांबू दे. मयूरीचे आवाज दोन ठिकाणी सुखरूप आहेत, तेव्हा मला त्याची भीती उरली नाही. तुम्हाला एवढंच सांगतो, नवं घ्यायचं तर जरूर घ्या, पण जुनं पुसण्याआधी एकदा उघडून बघा. आणि घरात कोणी फार काळजी करणारं असेल तर तिला हसू नका. त्या दिवशी दुकानात तिच्या काळजीनंच मला वाचवलं.

काल संध्याकाळी आम्ही सरावाला बसलो होतो. आता हेमकांतही त्या वेळेला शेतातून येतो. निळा फुगा पडद्यावर खाली उभा होता. आबा टोपी काढून माझ्यावर ठेवणार होते, पण मोहिनीनं बघितल्यावर ती परत डोक्यावर घातली आणि मयूरीला म्हणाले, "मयू, या डबामा जीव शे का वं?"

मयूरीनं माझ्याकडे पाहिलं. माझा पंखा घरघरत होता. तिनं दात मिटले, मोहिनीनं शिकवलं होतं तसा हात तोंडासमोर धरून वारा तपासला आणि माइकजवळ वाकली.

"शे."

फुगा अर्ध्यापर्यंत गेला.