सोजरबाईची पांढरी भिंत

तापीमायची आण, अन् माह्या तोंडात जे चार दात उरले हाये त्यांची पण आण! यातला एक शब्द जरी खोटा निघाला तं त्या चारातला एक दात इथंच, तुमच्यासमोर, या चहाच्या कपात पडो. हसू नका. मागच्या वेळी मगरीची गोष्ट सांगितली तेव्हा हसले होते, ती गोष्ट वेगळी. ही सच्ची हाये. ही सोजरची हाये.

आपल्या बुऱ्हाणपूरच्या राजघाटाच्या खालच्या अंगाला, जिथं आता फरशीचं मैदान अन् लोखंडी बाकडे हाये नं, तिथं आमची वस्ती होती. मी तिथंच नांदायला आली, तिथंच म्हातारी झाली. माह्या दाराला लागून सोजरचं दार. घाटावर फुलं अन् दिवे विकायची ती. नवरा लवकर गेला. एक लेक, भूमिका, ती नेपानगरला दिली. बाकी सोजरजवळ होतं काय? एक खोली, एक पडवी, अन् पांढऱ्या भिंतीचं वेड.

आखाजी, म्हणजे अक्षयतृतीया, आली की सगळ्याच बाया घर चुन्यानं पोततात. लेकी माहेरी येतात, झोक्यावर बसतात, गाणी म्हणतात, म्हणून. पण सोजरचं पोतणं काही औरच. चुना भिजवला की गल्लीभर वास. एक हात, त्यावर दुसरा हात, त्यावर निळीचं पाणी. घर इतकं पांढरं दिसे की नदीवरचे बगळे त्याले आपला मोठा भाऊ समजून पत्र्यावर रांगेनं येऊन बसायचे. पल्याडच्या जैनाबादचे नाववाले धुक्यात वाट चुकले की सोजरच्या भिंतीकडे तोंड करून वल्हं मारायचे. काय बघता असे? आण घेतली हाये मी.

अन् माहं घर? माह्या गुडघ्याचं तुम्हाला माहीत हाये. त्यात आळस. कित्येक सालं भिंतीला हात लावला नव्हता.

"उषे," सोजर म्हणायची, "तुह्या भिंतीवर कावळा बसला तं दिसायचा नाही वं."

"मग बरंच हाये नं," मी म्हणायची, "त्याले कोणी दगड मारणार नाही."

तं एक दिवस घाटावर मंडप पडला. लग्न नाही, कथा नाही. समिती आली होती, घाट सुधारणारी. घाट पण तेच सुधारणार, अन् ज्यांची घरं मोडणार त्यांना मकान पण तेच देणार. मंडपात टेबलावर आख्खा घाट मांडून ठेवला होता, खेळण्यातला. निळ्या काचेची तापी, हिरव्या स्पंजाची झाडं, पिस्त्याएवढे माणसं. आम्ही सगळे वाकून आपापलं घर शोधू राहिलो. कोणालेच सापडेना. सोजरनं आमच्या दारापुढचा निंब तेवढा ओळखला. निंबापासून बोट सरकवत सरकवत ती आपल्या दाराशी आली. तिथं बाकडं होतं. बाकड्यावर एक पिस्त्याएवढा माणूस पेपर वाचत बसला होता.

"साहेब," सोजर म्हणाली, "हा भाऊ माह्या चुलीवर बसला हाये."

सगळे खदखदून हसले. टेबलामागं प्रशांत उभा होता, समितीचा सर्वेवाला, गळ्यात पट्टा, तोंडावर मिसरूड. तो पण हसला. "अम्मा, चूल की चिंता मत करो. सबको पक्का मकान मिलेगा. बायपास के उधर बिल्डिंग बन रही है."

"झोका बांधायला झाड हाये का तिकडं?"

"अम्मा, लिफ्ट है!"

लिफ्ट अजून आली नाही, ते जाऊ द्या.

मग प्रशांत गेरूच्या रंगाचा डबा अन् ब्रश घेऊन वस्तीत आला. हरेक दाराशेजारी भिंतीवर नंबर टाकत गेला. सोजरकडे चहा प्याला. म्हणाला, पाऊस लागायच्या आधी मॅडम येऊन तपासून जातील. एवढंच म्हणाला. बाकी काही म्हणाला नाही, हे ध्यानात ठेवा.

सोजर खूश होती. म्हणाली, "उषे, तळमजला मागू. भूमिकाची पोरगी लहान हाये, जिन्यावरून पडायची. मकान कसं का देईनात, मले काय, लेकीला आखाजीला यायला एक दार पाहिजे. दारच नसलं तं तिचं माहेर कुठं?"

अन् आखाजी तोंडावर आली. सोजरनं चुना भिजवला.

आता तुम्ही म्हणाल, इतकं कळू नये का बाईला? अरे, आमच्या भिंतीवर कोण लिहून जात नव्हतं! पोलिओवाले खडूनं लिहून जात. मलेरियावाले लिहून जात. इलेक्शनवाले तं आख्खी भिंतच घेत. दर साली ते लिहीत, दर आखाजीला बाया पोतून टाकत. 'आमचं लिहिलेलं कुठं गेलं?' असं विचारायला त्यातलं आजवर कोणी आलं नव्हतं. तरी बाकीच्या बायांनी त्या साली आळस केला. घर मोडायचंच हाये तं कशाला पोता, म्हणाल्या. सोजर म्हणाली, "शेवटची आखाजी हाये नं या घरात. मग तं नीटच पोतायला पाहिजे."

पोतलं. दोन हात, वरून नीळ. भूमिका आली, नात आली. निंबाला झोका बांधला, अन् त्या पोरीनं असा उंच झोका घेतला की पायाच्या बोटानं पल्याडचं जैनाबाद शिवून आली. सच्ची.

आखाजी झाली, लेकी गेल्या, अन् रश्मी मॅडम आल्या. संगं प्रशांत. घरवाल्यानं नंबराशेजारी उभं राहायचं, मोबाइलात फोटो काढायचा, झालं. माह्या काळ्याढोण भिंतीवर नंबर असा टवटवीत होता जसा काही कालच लिहिला. माहा फोटो निघाला. मी दात दाखवले.

मॅडम सोजरच्या दारात आल्या अन् थांबल्या.

"नंबर कुठे आहे, मावशी?"

"आतच हाये," सोजर म्हणाली. "चुन्याखाली."

"मैंने ही लिखा था मॅडम," प्रशांत म्हणाला. "इन्हीं के यहाँ चाय पी थी."

"अरे, पण फोटोत दिसला पाहिजे नं. नंबर नाही दिसला तर मोबाइल पुढचं पान उघडतच नाही. मी काय करू?" अन् बाई खरंच मोबाइल दाबत होती, पुन्हा पुन्हा. वाईट नव्हती ती.

सोजर आत गेली, उलथनं घेऊन आली अन् भिंत खरडू लागली. दोन हात चुना, त्याखाली मागच्या सालचा, त्याखाली त्याच्या मागच्या सालचा. बाई इतकी घाईत होती की गेरू चुन्यासंगंच निघून येऊ राहिला हे तिले दिसेना. हातावर लाल लागे, भिंतीवर नाही. "हे पाहा मॅडम," ती हात पुढे करायची, "हे पाहा, लाल हाये नं? हाच हाये तो." मॅडमनं हाताचा पण फोटो काढून पाहिला. मोबाइल मानेना.

खरडता खरडता माती लागली. मग मी जाऊन तिचा हात धरला.

नंतर मी तिले म्हटलं, "सोजर, गेरू आणते. आपणच लिहून टाकू नंबर. जिंदगीभर तोंडानं खोटं बोलली मी, एकदा ब्रशनं बोलते."

"अन् पकडलं तं?" सोजर म्हणाली. "आत्ता मॅडमसंगं जाता जाता प्रशांत सांगून गेला नं, खोटा नंबर दिसला तं आख्खी रांग कापून टाकतील. तुहं मकान जाईन, शेजारच्या गोदाबाईचं जाईन. राहू दे. समितीत साहेब लोक बसतात, त्यांना माणसाचं तोंड दिसते. मोबाइल नाही."

गेलो आम्ही समितीत. बाहेरच्या बाकड्यावर बसलो. दाराला फट होती, आतलं सगळं ऐकू येऊ राहिलं. आत घाटाच्या भिंतीला कोणता रंग द्यायचा यावर बोलणं चाललं होतं. एक म्हणे पिवळा, एक म्हणे गुलाबी. शेवटी पांढरा ठरला. सगळे हो हो म्हणाले. सोजरनं माह्याकडे पाहिलं. हसली पण नाही, रडली पण नाही. मग आम्हाला आत बोलावलं. तिचं ऐकून घेतलं, पाणी दिलं, "विचार करू" म्हणाले. पुन्हा गेलो तं म्हणाले, मागच्या बैठकीत वेळ पुरला नाही. त्याच्यानंतर गेलो तं रश्मी मॅडमची बदली झाली होती, प्रशांतचं काम संपलं होतं, अन् तिथल्या कोणीच सोजरचा चहा प्यायला नव्हता.

थंडीत जेसीबी आला. आमच्या किल्ल्या आम्हाला मिळाल्या होत्या, आम्ही सामान टेम्पोत भरू राहिलो होतो. माहं घर दोन धक्क्यात बसलं. गोदाबाईचं एका धक्क्यात. मग जेसीबी सोजरच्या घराकडे वळला. सोजर दारात उभी होती, हातात पितळेचा तांब्या.

अन् तेव्हा बगळे आले. नदीवरून उठले, थवाच्या थवा, अन् तिच्या पत्र्यावर येऊन बसले, दाटीवाटीनं. जेसीबीवाल्यानं हॉर्न वाजवला. एक उडाला नाही. त्यानं मशीन बंद केली, खाली उतरला अन् टोपी काढली. तेवढ्यात रश्मी मॅडम रिक्षातून उतरून धावत आल्या, बदलीच्या गावाहून, धापा टाकत. "मावशी, झालं तुमचं काम!" म्हणाल्या, अन् सोजरच्या चुन्यानं फाटलेल्या हातावर किल्ली ठेवली. तळमजल्याची. माह्याच बिल्डिंगची. अन् या आखाजीला...

थांबा. थांबा जरा.

हा डाव्या बाजूचा दात पाहा. किल्लीचं नाव घेतलं अन् हालायला लागला. आण घेतली होती मी, चांगली मोठ्यानं.

किल्ली नव्हती रे पोरांनो. रश्मी मॅडम आल्या नव्हत्या. बगळे आले होते. तुम्हाला तेच खोटं वाटलं असेल नं, पण बगळे खरेच आले होते, बसले होते, जेसीबीवाल्यानं खरंच मशीन बंद केली होती. बिडी ओढली त्यानं. बिडी संपली तोवर बगळे उठून गेले. मग त्यानं मशीन चालू केली.

सोजर आता नेपानगरला हाये, लेकीच्या सासरी, मागच्या पडवीत. फोन केला की म्हणते, मजेत हाये. या आखाजीला भूमिका पोरीला घेऊन बुऱ्हाणपूरला आली होती. कुठं जाणार? निंबाखाली बाकड्यावर बसली. निंब ठेवला हाये त्यांनी, भोवती ओटा बांधला हाये. पोरीनं फांदीला दोरी टाकली तं चौकीदार शिटी वाजवत आला. मी तिथूनच त्यांना माह्या घरी आणलं, जिन्यावरून, तीन मजले, या गुडघ्यांनी. पोळी खाऊ घातली.

किल्ली तेवढी मी पदरची घातली. बाकी सगळं सच्ची हाये.